मोहाशी बोलत बसू नये

पापी विचार मनात आला म्हणजे पाप घडलेच का, हा प्रश्न आमच्या मंडळीच्या तरुण संघात दर काही महिन्यांनी कोणी ना कोणी विचारतोच. आणि विचारणारा बहुधा सभा संपल्यावर, बाकीचे निघून गेले की, सतरंज्या गोळा करता करता खालच्या आवाजात विचारतो. त्या प्रश्नामागे भीती असते. मुलगा रविवार शाळेत वाढलेला असतो, वचने त्याला तोंडपाठ असतात, नाताळच्या नाटकात त्याने मेंढपाळाचे काम केलेले असते, आणि तरीही आपल्या मनात जे चालते ते शेजारी बसलेल्या दुसऱ्या कोणाच्याही मनात चालत नसेल, अशी त्याची खात्री झालेली असते. त्याला मी तिथल्या तिथे थोडक्यात उत्तर देतो. पण हा विषय दोन वाक्यांत मावणारा नाही, म्हणून तो येथे सविस्तर मांडत आहे.

विचार येणे हे पाप नाही. हे मी कोणाची समजूत घालण्यासाठी म्हणत नाही. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायातील पंधरावे वचन स्पष्ट सांगते की आपला प्रमुख याजक सर्व प्रकारे आपल्याप्रमाणे पारखला गेला, तरी निष्पाप राहिला. मोहाचा नुसता स्पर्श होणे हेच पाप असते, तर रानातील चाळीस दिवसांनंतर प्रभू येशूला निष्पाप म्हणता आले नसते. उपवासाने भुकेलेल्या त्याच्या कानांवर धोंड्यांच्या भाकरी करण्याची सूचना पडली, मंदिराच्या शिरोभागावरून उडी टाकण्याची सूचना पडली, जगातील सर्व राज्यांचे वैभव त्याच्या डोळ्यांपुढे उभे करण्यात आले. सूचना त्याच्यापर्यंत येऊन पोहोचली, पण तिला आत जागा मिळाली नाही.

यावर चांगला अभ्यास असलेली मुले लगेच डोंगरावरील प्रवचन काढतात. एकाने मला विचारले, “काका, मग स्त्रीकडे वासनेने पाहणाऱ्याने मनात व्यभिचार केलाच आहे, असे प्रभू का म्हणतो?” शंका योग्य आहे. मात्र मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभू ज्याच्याविषयी बोलत आहे, त्याची नजर चुकून कोठे गेली नाही. तो मनात इच्छा धरून पाहत राहिला आहे. डोळ्यांना दिसणे आणि डोळे तेथेच ठेवणे यांत जे अंतर आहे, त्याच अंतरात सगळी लढाई होते. याकोबानेही हाच क्रम लावून दिला आहे: माणूस स्वतःच्या वासनेने ओढला जातो, भुलवला जातो, मग वासना गर्भवती होऊन पापाला जन्म देते आणि पाप वाढून मरणाला. पुढे संत ऑगस्टीनने डोंगरावरील प्रवचनाचे विवरण करताना पापाच्या तीन पायऱ्या सांगितल्या. आधी सूचना येते, मग तिची गोडी लागते, आणि शेवटी मन संमती देते. एदेन बागेतील कथेशी त्याने त्या पायऱ्या जुळवूनही दाखवल्या. मला त्यातली मधली पायरी सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण पहिली आपल्या हाती नसते आणि तिसरीपर्यंत पोहोचल्यावर फार उशीर झालेला असतो.

मधल्या पायरीवर नेमके काय घडते? माझ्या समजुतीप्रमाणे तेथे संभाषण घडते. सर्पाने हव्वेला बळजबरी केली नाही. त्याने एक प्रश्न विचारला आणि तिने उत्तर देता देता त्याच्याशी बोलणे चालू ठेवले. त्या बोलण्यात देवाची आज्ञाही थोडी बदलली, कारण फळाला स्पर्शही करू नये असे जे तिने सांगितले, ते मूळ आज्ञेत नव्हते. दावीदाचेही तेच झाले. राजे लढाईवर जाण्याच्या दिवसांत तो यरुशलेमात मागे राहिला होता, संध्याकाळी गच्चीवर फिरत असताना त्याला एक स्त्री स्नान करताना दिसली. येथपर्यंत शास्त्र त्याला दोष देत नाही. पण त्यानंतर त्याने माणूस पाठवून ती कोण, याची चौकशी केली. ती उरीया हित्ती याची बायको आहे, हे उत्तर मिळाले तेव्हा परत फिरायला पुरेसे कारण त्याच्या हाती होते. परंतु चौकशी करणारे मन तोवर निम्मे वाट चालून गेलेले असते. याउलट पोटीफरच्या घरात त्याची बायको मागे लागली, तेव्हा योसेफ वाद घालत बसला नाही. आपण देवाविरुद्ध पाप कसे करावे, एवढे त्याने आधीच सांगितले होते, आणि प्रसंग अंगावर आला तेव्हा वस्त्र तिच्या हातात टाकून तो बाहेर पळाला. पळून जाण्यात पुरुषाला कमीपणा वाटतो. शास्त्राला तो वाटत नाही.

रानात प्रभूने दिलेली उत्तरे या दृष्टीने पुन्हा वाचून पाहावीत. तिन्ही उत्तरे अनुवाद या पुस्तकातील आहेत, आठव्या आणि सहाव्या अध्यायांतील, आणि प्रत्येक उत्तर एखाद्या वाक्याचे आहे. सैतानाने दुसऱ्या वेळी एक्याण्णवावे स्तोत्र पुढे केले, तेव्हाही प्रभूने त्या स्तोत्राच्या अर्थावर त्याच्याशी चर्चा केली नाही. असे लिहिले आहे, एवढे म्हणून त्याने विषय संपवला. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणारा एवाग्रियस नावाचा साधू होऊन गेला. कॉन्स्टँटिनोपलमध्ये एका विवाहित स्त्रीवर मन जडल्यामुळे तो ते शहर सोडून यरुशलेमला गेला आणि पुढे इजिप्तमध्ये जाऊन इ. स. ३९९ मध्ये वारला. साधूंना छळणारे विचार त्याने आठ प्रकारांत मांडले: खादाडपणा, कामवासना, धनलोभ, खिन्नता, क्रोध, कंटाळा, पोकळ मानाची हाव आणि गर्व. नंतर पोप ग्रेगरी यांच्या हातून या यादीत फेरफार होऊन सात मुख्य पापांची प्रसिद्ध यादी तयार झाली. पण एवाग्रियसचे मला सर्वांत उपयोगी वाटणारे काम वेगळेच आहे. या आठही विचारांना उत्तर म्हणून कोणते वचन म्हणावे, याचा त्याने एक संग्रहच करून ठेवला, आणि त्यासाठी आदर्श म्हणून रानातील येशूची उत्तरेच डोळ्यांपुढे ठेवली. विचाराची चिकित्सा करत बसण्यापूर्वी त्याला उत्तर देऊन टाकावे, ही ती शिस्त होती.

आपल्याकडे ही शिस्त अगदी सहज जमू शकते, कारण वचने पाठ करण्याची सवय मराठी ख्रिस्ती घरांत पूर्वापार आहे. अडचण एवढीच होते की आपण वचने पाठांतराच्या स्पर्धेसाठी पाठ करतो, गरजेसाठी करत नाही. ज्याला राग लवकर येतो त्याने रागाचे वचन, ज्याला पैशाचा मोह पडतो त्याने पैशाचे वचन, असे आपापल्या दुखण्यावरचे दोन-तीन निवडून ठेवावेत आणि ते मोठ्याने म्हणावेत. लोकलच्या डब्यात गर्दी असेल तर ओठांतल्या ओठांत म्हणावेत. मनातल्या मनात म्हटलेले वचन विचारांच्या गलबल्यात विरून जाते. ओठ हलले की मनाला थांबावे लागते, हा माझा अनुभव आहे.

पापी विचार म्हटले की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे एकच विषय येतो, आणि तरुणांना छळणारा तो विषय खरा आहेच. पण मुंबईतील माझ्या वयाच्या माणसांना अधिक छळणारा विचार मला दुसराच दिसतो. चाळ पुनर्विकासात गेलेली असते, वडिलांची खोली दोघा-तिघा भावांची असते, नव्या इमारतीतील जागा कोणाच्या नावावर लागणार यावरून बोलणे बंद झालेले असते. असा एखादा भाऊ संध्याकाळी दादरला कल्याण गाडीत चढतो, दांडीला धरून उभा राहतो, आणि ठाणे येईपर्यंत मनातल्या मनात भावाशी भांडतो. तो भावाची वाक्ये स्वतःच रचतो, त्यांना चोख उत्तरे देतो, वहिनीलाही मध्ये आणून दोन शब्द ऐकवतो, आणि प्रत्येक फेरीत भाऊ आधीपेक्षा अधिक नीच ठरत जातो. गाडीतून उतरतो तेव्हा भावाने प्रत्यक्षात न उच्चारलेल्या वाक्यांचा राग त्याच्या अंगात मुरलेला असतो. बाहेरून पाहणाऱ्याला यात काहीच दिसत नाही; त्याने कोणाचा धक्कासुद्धा मनावर घेतलेला नसतो. परंतु भावावर रागावणारा न्यायसभेच्या शिक्षेस पात्र होईल, हे शब्द व्यभिचाराच्या शब्दांच्या जरा आधी, त्याच पाचव्या अध्यायात आहेत. भावाला ठार मारण्यापूर्वी काइनाला देवाने हेच बजावले होते की पाप दाराशी टपून बसले आहे, त्याचा रोख तुझ्यावर आहे, पण तू त्याच्यावर सत्ता चालवावीस. त्यावर काइन देवाला काही बोलला, असे उत्पत्तीत लिहिलेले नाही. तो बोलला ते थेट हाबेलाशी, आणि त्यानंतर दोघे शेतात होते.

तुकोबांनी अशा युद्धाला रात्रंदिवसाचा प्रसंग म्हटले आहे. १८९५ साली याच मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगत. आणि मनाशी चालणाऱ्या झगड्याविषयी मराठी माणसाला पुष्कळसे आधीच ठाऊक असते, हे मला तरुण संघात बोलताना नेहमी जाणवते. जे नव्याने सांगावे लागते ते असे की हे युद्ध जिंकून आपण देवाला प्रिय होत नाही. आधीच प्रिय झालो आहोत म्हणून लढायचे आहे. रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात जे चांगले करावेसे वाटते ते मी करत नाही, असे तळमळून लिहिणारा पौल आठव्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात ख्रिस्त येशूमध्ये असणाऱ्यांना दंडाज्ञा नाही असे लिहितो. हा क्रम उलटा लावणारा माणूस लवकरच थकतो किंवा ढोंगी होतो.

आता कंटाळ्याविषयी, कारण मोबाइलचा प्रश्न मला मुळात कंटाळ्याचा वाटतो. एवाग्रियसने कंटाळ्याला दुपारचा सैतान म्हटले आहे. त्याचे वर्णन असे की साधूला दिवस पन्नास तासांचा वाटू लागतो, तो सारखा खिडकीकडे पाहतो, सूर्य किती कलला ते पाहायला खोलीबाहेर येतो, कोणी बंधू भेटायला येतो आहे का म्हणून इकडे तिकडे डोकावतो. सोळाशे वर्षांपूर्वीचे हे वर्णन वाचताना मला अंधेरीतल्या कार्यालयात दुपारी तीन वाजता मोबाइल उलटा-सुलटा करणारा माणूस डोळ्यांपुढे दिसतो. त्याला त्या क्षणी वाईट काही पाहायचे नसते; त्याला फक्त आहे त्या जागेवरून सुटायचे असते. मग बातम्या, मग क्रिकेट, मग एखादी चित्रफीत, आणि रात्री घरचे झोपल्यावर तेच बोट सवयीने पुढे सरकते. मुंबईतल्या दहा बाय बाराच्या खोलीत माणसाला एकांत म्हणून मिळतो तो चादरीखालचा, मोबाइलच्या उजेडातला. आणि त्या एकांतात त्याच्याबरोबर दुसरे कोणीच नसते. म्हणून रात्री मोबाइल स्वयंपाकघरातल्या ओट्यावर चार्जिंगला लावावा आणि गजराला साधे घड्याळ घ्यावे, हा सल्ला मी देतो. काहींना तो फार किरकोळ वाटतो. पण आमच्या मंडळीत उपासनेनंतर दानाचे पैसे मोजण्याची पद्धत पाहावी. मागच्या खोलीतल्या टेबलावर थैल्या रिकाम्या करतात, नोटा वेगळ्या लावतात, नाण्यांच्या चळती रचतात, आणि मोजायला कायम दोघे असतात. वहीत आकड्याखाली दोघांच्याही सह्या होतात, मग त्यातला एक जण तीस वर्षे खजिनदार असला तरी. कोणावर संशय आहे म्हणून ही पद्धत पडलेली नाही. माणसाला पैशाबरोबर एकटे ठेवू नये, हे आपल्या वडीलधाऱ्यांना कळत होते. मोबाइलबरोबर एकटे ठेवू नये, हे आपल्याला अजून कळायचे आहे.

मात्र नुसते काढून टाकून भागत नाही. मत्तयाच्या बाराव्या अध्यायातील अशुद्ध आत्मा परत येतो तेव्हा त्याला घर झाडलेले, सजवलेले, पण रिकामे सापडते, आणि तो आणखी सात जणांना घेऊन येतो. उपवासकाळात चाळीस दिवस मोबाइलवरचे खेळ बंद करणारे आणि पुनरुत्थानाच्या रविवारी दुपारी दुप्पट वेगाने सुरू करणारे मी पाहिले आहेत. त्या मोकळ्या झालेल्या अर्ध्या तासात काय ठेवायचे ते आधीच ठरलेले असावे. आजारी सभासदाला फोन करावा, उपासना संगीतातले एखादे गीत पेटीवर बसवावे, मुलाचा गणिताचा अभ्यास घ्यावा. फिलिप्पैकरांस पत्रात पौल जे सत्य, न्याय्य, शुद्ध, श्रवणीय त्यांचे मनन करा म्हणतो, तेव्हा तो मनाला काम देत असतो.

येथे एका गोष्टीचा वेगळा उल्लेख करणे मला आवश्यक वाटते. काही विश्वासू माणसांच्या मनात प्रार्थनेच्या वेळीच देवाविषयी घाणेरडे, निंदेचे शब्द येतात. ते त्यांना मुळीच नको असतात, त्यांची किळस येते, आणि जितके दाबावेत तितके ते उसळून येतात. सतराव्या शतकात इंग्लंडमधील उपदेशक जॉन बन्यन यांना ख्रिस्ताला विकून टाक, असा विचार दीर्घकाळ छळत होता, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. असे विचार म्हणजे संमती नव्हे. इजिप्तच्या वाळवंटातील साधू अब्बा पोमेन यांच्याकडे एक बंधू अशीच तक्रार घेऊन आला, तेव्हा त्यांनी त्याला बाहेर उघड्यावर नेले आणि अंगरखा पसरून वारा अडवून धर, असे सांगितले. ते मला जमणार नाही, असे तो म्हणाला. तेव्हा विचार येणे थांबवणेही तुला जमणार नाही, त्यांचा प्रतिकार करणे तेवढे तुझ्याकडे आहे, असे त्यांनी उत्तर दिले. आणि असे विचार थांबेनातच, पुन्हा पुन्हा क्षमा मागितल्याशिवाय चैन पडेना, झोप उडाली, तर तो मंत्रचळासारखा आजार असू शकतो, ज्यावर औषध आणि उपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञाकडे गेल्याने विश्वास कमी पडत नाही. सट्ट्याच्या किंवा दारूच्या व्यसनालाही हेच लागू आहे; तेथे एकट्या वचनावर हवाला ठेवून घरच्यांना कर्जात लोटणे योग्य नाही.

एवढे सगळे करूनही एक गोष्ट राहते, आणि आम्ही प्रोटेस्टंट मंडळींनी ती जवळजवळ हातची घालवली आहे. वांद्र्याचा किंवा वसईचा आपला कॅथलिक शेजारी फादरांपुढे गुडघे टेकून आपले पाप शब्दांत सांगतो. आपण सगळे थेट देवाला सांगतो असे म्हणतो, ते बरोबरही आहे. पण पुष्कळदा आपण कोणालाच सांगत नाही. एकमेकांजवळ आपली पापे कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा, ही याकोबाची आज्ञा आपल्याही पवित्र शास्त्रात आहे. मेथडिस्ट चळवळीचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी १७३८ साली लहान गटांसाठी जे नियम केले, त्यांत दर बैठकीला प्रत्येकाला विचारायचे प्रश्न ठरवून दिले होते: मागच्या भेटीनंतर तुझ्या हातून कोणती पापे घडली, कोणते मोह पडले, त्यांतून तू कसा सुटलास. पुरुषांचे आणि स्त्रियांचे गट वेगळे असत. तिसरा प्रश्न मला फार आवडतो, कारण सुटकेची साक्षही तेथे ऐकायला मिळत असे, आणि आपल्याला पडतो तोच मोह दुसऱ्यालाही पडतो, हे कळल्यानेच निम्मा भार उतरतो. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात पौल हेच आधी सांगतो, की मनुष्यांना सर्वसामान्य नाही अशी परीक्षा तुमच्यावर आलेली नाही. निभावण्याचा मार्ग देव काढील, हे त्यानंतर येते. तो मार्ग बऱ्याचदा पलीकडच्या गल्लीत राहणाऱ्या विश्वासू बंधूच्या रूपाने असतो आणि आपण त्याचे दार वाजवत नाही.

पडल्यावर तर त्या दाराची गरज अधिकच असते. त्या एकाच रात्री यहूदाने प्रभूला धरून दिले आणि पेत्राने त्याला तीनदा नाकारले. दोघांनाही पस्तावा झाला. यहूदा तीस रुपये परत करायला याजकांकडे गेला, त्यांनी त्याला आम्हाला त्याचे काय म्हणून झिडकारले, आणि तो एकटाच निघून गेला. पेत्र रडला, पण बाकीच्या शिष्यांमध्ये राहिला, म्हणून समुद्रकिनाऱ्यावर कोळशाच्या विस्तवाजवळ प्रभू त्याला पुन्हा भेटू शकला. गेथशेमाने बागेत जागा राहा असे सांगितल्यावर झोपी गेलेल्या याच पेत्राचे पत्र पुढे मंडळ्यांना सावध असा, जागे राहा असे सांगते.

ज्याच्याकडे कोणी असे सांगायला येईल, त्याच्यावरही जबाबदारी आहे. त्याने चेहऱ्यावर धक्का दाखवू नये, लगेच उपदेश सुरू करू नये, आणि ऐकलेले घरी बायकोलाही सांगू नये. महिला मंडळातल्या भगिनींना हा नियम मी याच शब्दांत, नवऱ्याच्या बाबतीत सांगितला आहे. ज्या गोष्टीत लहान मुलाला किंवा दुर्बलाला इजा झाली आहे, ती मात्र गुप्ततेच्या नावाखाली झाकता येत नाही; ती पाळकसाहेबांकडे आणि पोलिसांकडे गेलीच पाहिजे. बाकीच्या वेळी शांतपणे ऐकून, पापे कबूल केली तर देव क्षमा करतो असे सांगणारे योहानाच्या पहिल्या पत्रातील पहिल्या अध्यायाचे नववे वचन त्याला मोठ्याने वाचून दाखवावे, त्याचे नाव घेऊन प्रार्थना करावी, आणि पुढच्या आठवड्यात कधी भेटायचे ते त्याच वेळी ठरवून घ्यावे.